क्रूझवर जाताय? नियम सगळे सांगतात, कारण कोणी सांगत नाही

बर्डीवाली:

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही घरचे १९ जण मुंबईहून क्रूझवर जाऊन आलो. सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मंगल कार्यालय, केटरर, दीडशे पानं हे सगळं नको, मुलं-नातवंडं चार दिवस एका छताखाली राहू द्या, असं त्यांनीच सुचवलं. आता आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातले २६ जण नोव्हेंबरात जायचं म्हणतात, आणि 'तू जाऊन आलीस, तूच सांग' म्हणून नियम समजावायचं काम माझ्याकडे आलं आहे.

कंपनीकडून नियमांचा कागद आला होता. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि कोणीही वाचला नाही. मीसुद्धा वरवरच पाहिला. त्याचं काय झालं ते आधी सांगते.

बंदरावर बॅगा स्कॅनरमधून गेल्या तेव्हा आमच्याकडून एक इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि उदबत्तीचे दोन पुडे निघाले. त्यांनी पावती देऊन सगळं ठेवून घेतलं, उतरताना परत मिळालं. पण सासूबाईंच्या कमरेच्या बटव्यात काडेपेटी होती, आणि पूजेच्या डब्यात सुपारीएवढं पितळेचं निरांजन. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आंघोळ करून त्यांनी केबिनमधल्या आरशाखालच्या टेबलावर बाळकृष्ण मांडला, निरांजन लावलं आणि वर कापराची वडी. दोन मिनिटं झाली नसतील, दारावर थाप. दोन माणसं, एकाच्या हातात अग्निशामक नळकांडं. मी शेजारच्या केबिनमधून धावले. त्यातला वयाने मोठा माणूस आत डोकावला, देव पाहिले, आणि बूट दाराबाहेर काढून आत आला. म्हणाला, 'माताजी, दिया बुझाना पड़ेगा.' सासूबाई म्हणाल्या, दिवा फुंकून विझवत नाहीत. तो म्हणाला, जसं तुम्ही करता तसं करा, मी थांबतो. त्यांनी झेंडूची पाकळी तुपात बुडवून वातीवर ठेवली, दिवा शांत केला. मग त्याने काडेपेटी मागून घेतली, एका कागदावर सही घेतली आणि नमस्कार करून गेला.

कोणी रागावलं नाही, दंडही झाला नाही. पण सासूबाई दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, 'मला आधी सांगितलं असतं की इथे आग लागली तर पळायला अंगण नाही, तर मी काडेपेटी घरीच ठेवली असती. नुसतं नाही म्हटलं की माणसाला वाटतं, यांना आपल्या देवाचं वावडं आहे.'

ते मला फार लागलं. म्हणून ज्येष्ठ मंडळींसाठी जी यादी करायची ती 'हे करू नका' अशी नको, 'हे का करू नका' अशी हवी आहे. ज्यांना बोटीवरचं माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दर्यावर्दी:

ताई, तुमच्या सासूबाईंनी एका वाक्यात सगळं सांगितलं. मी ३१ वर्षं बोटीवर होतो, शेवटची नऊ वर्षं प्रवासी जहाजावर, इंजिन विभागात. आता नागपुरात मनीष नगरला असतो. आगीपासूनच सुरू करतो, कारण आम्हाला बुडण्यापेक्षा आगीची धास्ती जास्त.

प्रत्येक केबिनच्या छताला धुराचा डिटेक्टर असतो. तो वाजला की नुसती घंटा होत नाही, जिथे चोवीस तास माणूस बसलेला असतो त्या कंट्रोल पॅनेलवर नेमका केबिन नंबर उमटतो. म्हणून दोन मिनिटांत माणसं आली. समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. जो माणूस तुम्हाला जेवण वाढतो, केबिन झाडतो, तोच आगीच्या वेळी ठरलेलं काम करतो. प्रत्येकाला ते नेमून दिलेलं असतं.

पाणी मारलं की झालं, असंही नाही. १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेल्या नॉर्मंडी जहाजाला आग लागली. आग विझवायला इतकं पाणी मारलं की ते वरच्या मजल्यांवर साचलं, तोल गेला आणि एवढं प्रचंड जहाज धक्क्यालाच आडवं झालं. बोटीवर आग मोठी होऊ द्यायचीच नसते. ती पहिल्या मिनिटांतच मारायची.

आता इस्त्री, कॉइल, इलेक्ट्रिक किटली. घरी इस्त्री चालू राहिली तर चादर जळते, शेजारी वास येतो. बोटीवर तुम्ही पाच मजले वर जेवायला गेलेले असता आणि केबिनमध्ये गादी, गालिचा, पडदे. एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल लोक फार वाद घालतात. जहाजाची वायरिंग घरासारखी जमिनीला जोडलेली नसते, कारण तिथे जमीनच नाही. घरच्या वापराचा, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड तिथे उलट तापू शकतो, पेटू शकतो. फोन चार्ज करायचे तर साधा, एकापेक्षा जास्त यूएसबी पोर्ट असलेला चार्जर न्या. तो बहुतेक ठिकाणी चालतो.

बाल्कनीत सिगारेट नको आणि कठड्यावर ओले कपडे वाळत घालू नका, हे एकाच कारणासाठी. २३ मार्च २००६ रोजी पहाटे जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' जहाजाच्या बाल्कनीत आग लागली. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण निघालं ते टाकलेली पेटती सिगारेट. आग बाल्कनी-बाल्कनीतून वर चढत गेली, एक प्रवासी दगावला. त्यानंतर बाल्कनीतल्या सामानाचे आणि तिथल्या आग विझवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले. वरच्या मजल्यावरून फेकलेलं थोटुक वाऱ्याने आत येतं आणि समोर तुमचा टॉवेल असतो. एवढं सांगितलं की कोणताही माणूस टॉवेल आत घेतो.

ड्रिलबद्दल, म्हणजे संकटाच्या वेळच्या सरावाबद्दल, वेगळं लिहितो, ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

तर्रीपोहे:

आगीचं पटलं. पण खाण्याचं मला अजून पटत नाही. माझ्या आईला मधुमेह आहे. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, भाजलेले फुटाणे असा दोन दिवसांचा डबा घेऊन गेलो. चढायच्या आधी बाजूला काढला. आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला. फुटाणे सीलबंद असते तर चालले असते म्हणे. आम्ही इतवारीतून किलोवर आणले होते. विदर्भ एक्सप्रेसमध्ये आख्खा डबा आपलं घरचं खाऊन राहिला असतो, कोणी काही म्हणत नाही. बोटीवर काहून चालत नाही? जेवण विकायचं असतं म्हणून ना?

महालकर:

जेवण तर तिकिटातच असतं, त्यामुळे ते कारण नसावं. पण भावना समजू शकतो. आमचा ४२ जणांचा ग्रुप होता, प्रत्येक घराने चिवडा नेलेला. सीलबंद पाकिटं गेली, डबे राहिले.

खामल्याची_डॉक्टर:

तर्रीपोहे, तुमच्या आईंचं ऐकून वाईट वाटलं. आधी कोणी सांगितलं असतं तर हे टळलं असतं. कारण सांगते.

बोटीवर काही हजार माणसं एकाच स्वयंपाकघरातलं खातात, तेच कठडे, तीच लिफ्टची बटणं धरतात. तिथे नोरोव्हायरस नावाचा पोटाचा आजार शिरला की झपाट्याने पसरतो. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी चाळीस जण आजारी पडले तर नेमकं कशामुळे, हे शोधावं लागतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पदार्थाची नोंद असते, तापमान मोजलेलं असतं. घरून आणलेली, दोन दिवस बॅगेत राहिलेली भाजी त्या हिशोबात कुठेच येत नाही. शिवाय शिजवलेलं अन्न एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतरवायला बऱ्याच देशांत मनाई असते.

यावर उपाय आहे. बुकिंग करतानाच, निदान काही आठवडे आधी, आहाराची गरज लेखी कळवायची. मधुमेह, जैन, बिनालसणाचं, दूध चालत नाही, जे असेल ते. भाकरी मिळेलच असं नाही, पण बिनसाखरेचं, कमी तेलाचं ते नक्की करून देतात. तिथे गेल्यावर पहिल्या जेवणाला हेड वेटरला एकदा सांगून ठेवायचं.

हात धुण्याबद्दल मी पेशंटला सांगते तेच इथे. भोजनगृहाच्या दारात सॅनिटायझर असतं आणि लोक त्याचा एक थेंब घेऊन पुढे जातात. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि पाणी, २० सेकंद. बुफेत ताटात घ्यायचा चमचा त्याच भांड्यात परत ठेवायचा, उष्टा चमचा तर कधीच आत घालायचा नाही, एकदा घेतलेलं परत टाकायचं नाही. आपल्याकडे लग्नात आजी नातवाच्या ताटात आपल्या ताटातलं वाढते, त्यात प्रेम असतं. बोटीवर ते प्रेम आपल्याच टेबलापुरतं ठेवा.

आणि कळकळीची विनंती. जुलाब सुरू झाले तर लपवू नका. लोक 'केबिनमध्ये कोंडतील' म्हणून गोळी घेऊन बुफेला जातात. साधारण लक्षणं थांबल्यावरही ४८ तास केबिनमध्ये राहायला सांगतात, जेवण तिथेच येतं. तुमचे दोन दिवस जातात, पण दुसऱ्या कोणाच्या ८० वर्षांच्या वडिलांचं सलाइन वाचतं.

औषधं हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. मोठ्या बॅगा बंदरावर जमा होतात आणि केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते. इन्सुलिन, सुया असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा. मळमळीची गोळी बोट हलायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची असते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बहुतेक कंपन्या गर्भारपणाचे २४ आठवडे झाले की चढू देत नाहीत आणि सहा महिन्यांखालचं बाळही नेऊ देत नाहीत. कारण सरळ आहे. बोटीवर दवाखाना असतो, पण प्रसूतीची आणि नवजात बाळाची सोय नसते, आणि किनारा कित्येक तास दूर असतो.

तर्रीपोहे:

धन्यवाद डॉक्टर. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, असं असेल तर बरोबर आहे. पुढच्या वेळी फुटाण्यांचं कंपनीचं पाकीट घेऊ.

दर्यावर्दी:

आता ड्रिल. बोटीवर गेल्या गेल्या प्रत्येकाला मस्टर स्टेशन दिलेलं असतं, म्हणजे संकटात जमायची जागा. ती केबिनच्या दारामागे आणि तुमच्या कार्डावर लिहिलेली असते. पूर्वी मोठ्या प्रवासात ही कवायत चढल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटून कलंडली. बोटीवर ४,२०० च्या वर माणसं होती. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल दुसऱ्या दिवशी व्हायची होती. अंधारात, तिरक्या झालेल्या जिन्यांवर, कुठे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ३२ जण गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. ज्या वेळी तुम्हाला बुफेत जायचं असतं, फोटो काढायचे असतात, नेमकी त्याच वेळी ती येते, आणि म्हणून लोक चिडतात. त्यांना हे ३२ जण सांगा.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरणही आहे. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट वादळात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. मी कोकणातल्या सहकाऱ्यांबरोबर काम केलं आहे. त्यांच्या घरांत आजही हे नाव काढलं की आवाज खाली येतो. आपण विदर्भातली माणसं समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब वाढलो, त्यामुळे ही भीती आपल्या रक्तात नाही. म्हणून आपल्याला ती जास्त लक्षपूर्वक शिकावी लागते.

लक्षात ठेवायचं एवढंच. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, म्हणजे धोका. लिफ्ट वापरायची नाही. सामान घ्यायचं नाही. औषधं, गरम कपडा आणि पायात घट्ट चप्पल-बूट, बस. जिन्याने मस्टर स्टेशनवर जायचं. नातू दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या खोलीत असेल तर त्याला शोधत उलटं जायचं नाही. तिथले कर्मचारी मुलांना घेऊन येतात, मुलांच्या मनगटावर त्यासाठीच पट्टी बांधतात. हे आजी-आजोबांना आधीच दहा वेळा सांगून ठेवा, कारण त्या क्षणी ते ऐकणार नाहीत.

कोणी पाण्यात पडताना दिसलं तर ओरडायचं, कठड्यावरचं रिंग-बॉय, म्हणजे तरंगणारं गोल कडं, फेकायचं आणि नजर हलवायची नाही. हात सतत त्या दिशेला दाखवत उभं राहायचं. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. एकदा नजर सुटली की परत सापडत नाही. म्हणूनच कठड्यावर बसणं, मुलाला कठड्यावर उभं करून फोटो काढणं यावर कर्मचारी इतक्या जोरात ओरडतात.

महालकर:

दर्यावर्दी काका, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या ग्रुपमधले सात-आठ जण ड्रिलला केबिनमध्येच बसून राहिले होते, मी त्यांना वर बोलवायला गेलोच नाही. ती माझी चूक.

माझ्याकडून वागण्याबद्दल दोन गोष्टी. आमच्या ग्रुपचं चुकलं तेच सांगतो.

पहिली, जागा धरणं. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. आमच्या लोकांनी सकाळी सहाला तलावाकाठच्या २० खुर्च्यांवर टॉवेल टाकले आणि नाश्त्याला गेले. साडेसातला परत आले तर टॉवेल घडी करून एका टोपलीत आणि खुर्च्यांवर दुसरी माणसं. आमच्यातल्या एकाने भांडण काढलं. नंतर पाटी वाचली. साधारण अर्धा-पाऊण तास खुर्ची रिकामी दिसली की कर्मचारी सामान उचलतात. नाट्यगृहातही तेच, एका माणसाने आख्खी रांग अडवायची नाही. ४२ जणांना एकत्र बसायचं तर आधी विचारा. आम्ही तिसऱ्या दिवशी विचारलं आणि त्यांनी बाजूचा एक कोपरा आनंदाने दिला.

दुसरी, आवाज. रात्री साडेबाराला कॉरिडॉरमध्ये आमची अंताक्षरी रंगली होती. केबिनच्या भिंती पातळ असतात आणि कॉरिडॉर लांबच लांब, आवाज बोगद्यासारखा जातो. एक बाई झोपेच्या कपड्यांत बाहेर आली, कडेवर तापाने फणफणलेलं मूल. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी आमच्या बायका जाऊन तिला भेटल्या, मुलाची चौकशी केली. तिचं सासर अमरावतीचं निघालं. गाणी म्हणायची तर वरच्या मोकळ्या डेकवर म्हणा, तिथे कोणाची ना नसते.

लेक_दर्यावर:

माझा मुलगा चार वर्षांपासून क्रूझवर केबिन अटेंडंट आहे. नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि गेला. एका कराराला सात-आठ महिने. सगळे नियम वाचले, एक माझ्याकडून जोडा.

आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांना दिवसाला किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे उरलेल्या चौदा तासांत काम असू शकतं. त्याचा फोन येतो तो आपल्याकडे रात्री दीड-दोनला. मी गजर लावून उठते. तो कधी तक्रार करत नाही, पण एकदा म्हणाला, 'आई, कोणी चुटकी वाजवून बोलावलं की दिवसभर तीच ऐकू येते.' आणि एकदा म्हणाला, जबलपूरच्या एका आजोबांनी रोज सकाळी 'कैसे हो बेटा' म्हणून नाव घेऊन विचारलं, शेवटच्या दिवशी दोघांनाही रडू आलं.

छातीवर नावाची पट्टी असते. नाव वाचा, नावाने हाक मारा. परवानगीशिवाय व्हिडिओ काढू नका, तो नोकरीवर असतो, नाही म्हणू शकत नाही. 'तुझा पगार किती' हे विचारू नका. बऱ्याच बोटींवर सेवाशुल्क रोजच्या हिशोबाने तुमच्या खात्यात लागतं, त्यातला वाटा स्वयंपाकघरातल्या न दिसणाऱ्या माणसांनाही जातो. शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन ते कमी करून घेणारे पुष्कळ असतात. बुकिंगच्या वेळीच ते तिकिटात आहे की वेगळं, हे विचारून बजेटमध्ये धरा, म्हणजे त्या वेळी जीव वर-खाली होत नाही.

संडासाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण त्याच्या कामाचा मोठा भाग तोच आहे म्हणून लिहिते. तिथलं फ्लश पाण्याच्या जोराने नाही, हवेच्या ओढीने चालतं. डायपर, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, उरलेलं अन्न टाकलं की एकट्या तुमचं नाही, त्या पट्ट्यातल्या सगळ्या केबिनचं तुंबतं. मग माझ्या मुलासारखं कोणीतरी ते निस्तरत बसतं. बाजूला डबा असतो, तो त्यासाठीच असतो.

बर्डीवाली:

लेक_दर्यावर ताई, तुमचं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बूट काढून आत आलेल्या त्या माणसाचं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं, ते त्यांना आज फार लागलं.

बंदरावर उतरल्यावर काय काळजी घ्यायची? आमचे दोन भाचे गोव्यात जवळजवळ राहिलेच होते.

झिरो_माईल:

ते मी सांगतो, कारण माझा मेहुणा खरोखर राहिला. गोव्याला उतरून भाड्याच्या गाडीने लांबच्या किनाऱ्यावर गेला. येताना वाहतूक अडकली. धक्क्यावर पोचला तेव्हा शिडी उचललेली होती. बहिणीला बोटीवरून तो दिसत होता. बोट थांबली नाही, पुढच्या मुक्कामाला स्वखर्चाने पोचावं लागलं.

आम्ही चिडलो होतो, पण नंतर कळलं. बंदरात जागा वेळेवर भाड्याने मिळते, बाहेर काढणारा पायलट ठरलेल्या वेळी येतो, कुठे भरती-ओहोटी पाहावी लागते. एका-दोघांसाठी दोन हजार माणसांचं वेळापत्रक मोडत नाहीत. 'सगळे परत' ही वेळ बोट सुटायच्या वेळेआधी अर्धा ते एक तास असते, ती वाचायची. घड्याळ बोटीचं धरायचं. परदेशात गेलात तर किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते, आणि मोबाइल आपोआप तिकडची दाखवतो. कंपनीच्या सहलीने गेलात तर बस उशिरा आली तरी बोट थांबते. स्वतःहून गेलात तर जोखीम तुमची. ओळखपत्र, बोटीचं कार्ड आणि थोडे रोख पैसे अंगावरच ठेवायचे.

आणि मोबाइल समुद्रात विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो, त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

मुंबईला पोचायचं म्हणाल तर दुरांतोने सकाळी सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पियर, म्हणजे क्रूझचा धक्का, दीड-दोन किलोमीटरवर आहे. पण त्याच दिवशीची गाडी धरू नका. कसारा घाटात पावसाने गाडी अडली तर तीही बोट थांबणार नाही. एक दिवस आधी पोचा.

बर्डीवाली:

हे छान झालं. दर्यावर्दी काका, अजून एक राहिलं. सासऱ्यांची फार इच्छा होती की समुद्राला नारळ अर्पण करावा. कर्मचाऱ्यांनी नाही म्हटलं. आपल्याकडे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला करतातच ना? मंडळातल्या काकूंनी पण हार-फुलं नेणार म्हणून सांगितलंय. त्यांना काय सांगू?

दर्यावर्दी:

ताई, नारळी पौर्णिमेला कोळी बांधव धक्क्यावरून किंवा आपल्या होडीतून, पाण्याच्या पातळीवरून नारळ सोडतात. तुम्ही पाण्यापासून आठ-दहा मजले वर असता. तिथून टाकलेला नारळ वाऱ्याने आत वळतो आणि खालच्या बाल्कनीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर किंवा लाइफबोटीवर पडतो. फुलांचा हार उडून कुठे अडकेल सांगता येत नाही. शिवाय हाराला प्लॅस्टिकचा धागा, निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी. मारपोल नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजावरून प्लॅस्टिक समुद्रात टाकायला कुठेही, कितीही लांब गेलं तरी बंदी आहे. जहाजावर काय टाकलं, कधी टाकलं याची कचऱ्याची वही असते, ती बंदरात तपासतात. प्रवाशाने काहीही टाकलं तर उत्तर कॅप्टनला द्यावं लागतं.

सासऱ्यांना सांगा, चढायच्या आदल्या दिवशी गिरगाव चौपाटीवर जा. पायापर्यंत लाट येते, तिथे नारळ सोडा, हात जोडा. मी प्रत्येक कराराच्या आधी तेच करत होतो. आणि केबिनमध्ये दिवा हवाच असेल तर बॅटरीवरचा न्या.

बर्डीवाली:

बॅटरीवरचं निरांजन सीताबर्डीत मिळालं, सासूबाईंनी स्वतः निवडलं. गिरगावचं पण ठरलं.

सगळं मोठ्या अक्षरांत छापून घेते आहे. पोहण्याच्या तलावाबद्दल मी माझ्याकडून लिहिलंय. साडी, सलवार, जीन्स घालून उतरू देत नाहीत, कारण सुती धागे फिल्टरमध्ये जातात आणि ओली साडी पायात अडकते. पूर्ण अंग झाकणारा नायलॉनचा पोशाख मिळतो, आमच्या तिघींनी घेतला आणि ६८ वर्षांच्या माझ्या मावससासूबाई पहिल्यांदा पाण्यात उतरल्या. शेवटच्या रात्रीचंही लिहिलंय. मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे, चष्मा, दात आणि गोळ्या हातातल्या पिशवीत काढून ठेवायच्या. आमच्या एका आत्यांचे सगळे कपडे बॅगेत गेले आणि त्या गाउनवर शाल पांघरून उतरल्या.

शनिवारी संध्याकाळी पाचला मंडळाची बैठक आहे, कॉलनीच्या बागेत. ड्रिलचा भाग आधी वाचणार.

दर्यावर्दी:

मी येतो. माझ्याकडे जुनं लाइफ जॅकेट आहे, ते घेऊन येतो. पट्टा कुठून काढायचा, किती ओढायचा, हे कागदावर कळत नाही. प्रत्येकाला एकदा घालून पाहू द्या.

तोवर एक काम करा. २६ जणांमध्ये कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाला कमी ऐकू येतं, कोण रात्री श्वासाचं मशीन लावून झोपतं, त्यांची नावं काढा आणि बुकिंगबरोबरच कंपनीला लेखी द्या. अशा प्रवाशांची वेगळी यादी बोटीवर ठेवतात. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की त्या दारांवर माणूस पाठवायचा असतो, आणि त्याला केबिन नंबर आधी माहीत असावा लागतो.

बर्डीवाली:

आत्ताच तीन नावं लिहिली. चौथं सासऱ्यांचं. ते परत यायचं म्हणून राहिलेत.